सुईचा भाव

जिवंत सवत परवडली. तिच्याशी भांडता येतं, तिच्या हातून दूध उतू गेलं की मनातल्या मनात हसता येतं, तिचे केस पिकताना बघता येतात. मेलेल्या सवतीचं तसं नसतं. ती कायम तेहतीस वर्षांची राहते, तिच्या हातून काही करपत नाही आणि ती कधी कुणाला वेडंवाकडं बोलल्याचं कुणाला आठवत नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते उगाच नाही. माझ्या नवऱ्याची पहिली बायको बारा वर्षांपूर्वी फ्लूने गेली. मी नऊ वर्षांपूर्वी या घरात आले आणि तेव्हापासून तिच्यावर जळते आहे. चांगल्या बाईला हे शोभत नाही, मला माहीत आहे.

घर दोन खोल्यांचं. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत: साखर, मीठ, चहा. गोल, टपोरं अक्षर. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यातली एक खरवडून काढली. तिची मुलगी, तेव्हा आठ वर्षांची, आली आणि केराच्या टोपलीतून ती चिठ्ठी उचलून घेऊन गेली. मग मी तो नाद सोडला. नणंद आली की तिचा पाढा सुरू व्हायचा, "वहिनी गेली ना, तेव्हा दादा आठ दिवस दवाखान्याच्या बाकावरून हलला नाही." वहिनी म्हणजे ती. मला नणंद नुसतं ‘अगं’ म्हणते.

आणि मग ती सुई. माझा नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. दिवसभर एका डोळ्याने बारीक बघायचं काम, त्यामुळे बोलणंही तसंच, घासून पुसून दोन शब्द. वर्षभर मला ‘दूध आणू का’ याच्यापुढे काही विचारणार नाहीत. पण थंडीच्या तोंडावर फ्लूची लस आली की हा माणूस बदलतो. पहाटे जाऊन दवाखान्यात नंबर लावतो, सातशे माझे आणि सातशे मुलीचे असे काउंटरवर मोजून ठेवतो, आणि आम्हा दोघींना आत पाठवून आमच्या पिशव्या सांभाळत बाहेर बाकावर बसतो. त्या पैशांत घराला पडदे झाले असते. एकदा मी तसं म्हटलं, तर नुसतं बघितलं माझ्याकडे.

"नशीब काढलंत हो," दवाखान्यातली नर्स दर वर्षी म्हणायची. "इथे बायका नवऱ्याला फरफटत आणतात, आणि तुमचे बघा."

मी तोंडदेखलं हसायचे आणि दंड पुढे करायचे. आत मात्र जळफळाट व्हायचा. ही सुई माझी नव्हतीच. ती बारा वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका दंडात जायला हवी होती. तो दंड राहिला नाही, म्हणून माझ्यात टोचत होते. बाहेर आले की मी यांच्या तोंडाकडे बघायचे. ते माझ्याकडे बघताहेत की माझ्या जागी उभ्या असलेल्या तिच्याकडे, ते मला कधीच कळलं नाही. त्यात हिवाळ्यात एकदा तरी हे उशी उचलून बाहेरच्या खोलीत झोपायला जायचे, चार-पाच दिवस. सर्दी झाली आहे, म्हणायचे. ती गेली तो महिना तोच. सर्दीचं निमित्त, मी मनात म्हणायचे आणि आतून कडी घालायचे.

माझं काम घरोघर फिरून सर्वे करण्याचं. साबण कुठला वापरता, पाणी किती वेळ येतं, असले प्रश्न. यंदा आमच्या कचेरीला काम मिळालं ते लसीचं: फ्लूची लस घ्यायला लोक स्वतःच्या खिशातून किती द्यायला तयार आहेत? दर दहावं घर घ्यायचं. घरात ज्याचा वाढदिवस सगळ्यात जवळ आला असेल त्याला एकट्याला बसवायचं, आणि आकड्यांचं कार्ड हातात धरून भाव करायचा. पाचशे द्याल? हो म्हणाला तर आठशे. मग बाराशे. नाही म्हणाला तर तीनशे, दीडशे. जिथे माणूस अडेल तिथे थांबायचं आणि तो आकडा लिहायचा. आधी स्वतःसाठी, मग घरातल्या एकेकासाठी, वेगवेगळा. एकट्याला बसवायचं कारण असं की बायको शेजारी असली तर नवऱ्याचा आकडा उगाच फुगतो.

या कामात माणूस उघडा पडतो. फ्लू म्हणजे सर्दीच ना, वाफ घेतली की जाते, हे तर घरटी एकदा ऐकायचं. लस घेतली आणि त्याच रात्री ताप आला, असा प्रत्येकाचा एक मेहुणा असतो. एवढी चांगली असती तर सरकारने फुकट दिली नसती का, असं एक शिक्षक म्हणाले. मी विचारलं, फुकट दिली तर घ्याल? तर म्हणाले, फुकट देतात म्हणजे त्यात काहीतरी गोम असणार. एका किराणावाल्याने म्हाताऱ्या आईसाठी ऐंशी सांगितले आणि कुत्र्याच्या लसीचे नऊशे आनंदाने देतो म्हणाला. एक बसचालक बायकोच्या आकड्याला अडला. "तिला फ्लू झाला तर चार दिवस घर शांत राहील, आणि वर पैसे मीच द्यायचे?"

मी हसले, आकडा लिहिला. पण असे आकडे लिहिता लिहिता माझ्या डोक्यात किडा शिरला. मलाही एक आकडा हवा होता. मेलेलीसाठी किती आणि माझ्यासाठी किती, हे कुठली बायको तोंडाने विचारणार? कार्डाला मात्र लाज नसते.

आणि नेमकं यादीत आमचंच घर आलं. आमच्या गल्लीतलं दहावं दार. वाढदिवस जवळचा यांचाच. आपलं स्वतःचं घर आपण करायचं नाही असा कचेरीचा नियम, म्हणून ते मैनेकडे गेलं. मैना म्हणजे माझी जोडीदारीण. तोंड कधी मिटत नाही म्हणून साहेबांनीच हे नाव पाडलं. फॉर्मवर दोन शब्दांची जागा असली की ही समासात दोन ओळी लिहिते, लोक काय काय म्हणाले ते सगळं.

"बायकोच्या रकान्याला घाई करू नकोस," मी तिला म्हटलं. "हळूहळू चढव."

"अगं बाई! नवऱ्याचा लिलाव करायला निघालीस की काय?" मैना म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावून गेली.

त्या दिवशी मी तीन घरांत चुकीचे रकाने भरले. दुपारी मैना परत आली तेव्हा तिने फॉर्मचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता चहा आणायला गेली. मैना, आणि न बोलता! आमच्या घराचा फॉर्म पाकिटात घालून साहेबांकडे द्यायचा होता. पाकिटाला डिंक अजून लावलेला नव्हता. मी दाराकडे एकदा बघितलं आणि फॉर्म बाहेर काढला.

माझी नजर सरळ ‘पत्नी’ या शब्दावर गेली. आकडा होता पाच हजार. कार्डावरचा शेवटचा आकडा. बाजूला मैनेचं तिरपं अक्षर: "कार्ड संपलं. ‘पुढे विचारा’ म्हणाले. पुढे नाही म्हटलं, तर म्हणाले, मग कार्ड संपतं तिथून पुढचं सगळं लिहा." दोन महिन्यांत दीडशे घरं झाली होती. कुणाचं कार्ड संपलं नव्हतं. मी, जिला नणंद अगं म्हणते ती, त्या सगळ्या दीडशे घरांतल्या बायकांपेक्षा महाग निघाले होते.

हे सुख मला किती वेळ मिळालं? खाली चौदावा प्रश्न येईपर्यंत. ‘पूर्वी कधी किमतीमुळे लस नाकारली होती का? असल्यास कुणासाठी?’ मैनेने होय वर खूण केली होती आणि समास भरून टाकला होता. "बायकोसाठी. बारा वर्षांपूर्वी. ती स्वतः म्हणाली होती, यंदा आपण तिघं घेऊ या. मी म्हणालो, सर्दीला कोण एवढे पैसे घालतं. तेव्हा दोनशे होती. पुढे महिन्याभराने ती गेली."

मला आनंद झाला. आता लाज वाटते, पण झाला, खोटं कशाला बोलू. नऊ वर्षं जिच्यापुढे मी उणी पडत होते, तिचा भाव शून्य होता. आठ दिवस बाक सोडला नाही म्हणे! आधी दोनशे सुटले असते तर बाकावर बसायची वेळ आली नसती. नणंदेला आत्ता फोन करून सांगावं असं वाटलं.

मग तो आनंद नासला. दोनशेला नाही म्हटलेला माणूस आज पाच हजारांच्या पुढे जातो, तो कुणासाठी? माझ्यासाठी? छे! ते सगळे पैसे तिचेच होते, उशिरा आलेले. दर वर्षीचे सातशेही तिचेच. मी आपली पोस्टाची पेटी. पत्र माझ्यात टाकायचं, जायचं दुसरीलाच. एवढी मोठी रक्कम आणि तिच्यातला एक पैसाही माझा नाही, असं वाटून मला तिथेच रडू यायला लागलं.

"वाचलंस ना?" मैना चहाचे दोन कप घेऊन दारात उभी होती. मी फॉर्म पाकिटात कोंबायला लागले. "राहू दे आता. मला माहीतच होतं. सगळं वाचलंस?"

"सगळं."

"मग पहिल्या ओळीबद्दल काहीच बोलत नाहीस ती?"

पहिली ओळ ‘स्वतःसाठी’ अशी असते. प्रत्येक घरी मी सुरुवात तिथूनच करते. आणि माझ्याच घराच्या फॉर्मवर ती मी ओलांडून गेले होते. मी पुन्हा बघितलं. स्वतःसाठी: शून्य. आजवर घेतली आहे का: एकदाही नाही. कारणाच्या चौकटीत नऊ. गरज वाटत नाही त्याला एक, पैसे नाहीत त्याला दोन, असे आकडे असतात. नऊ म्हणजे इतर, आणि नऊ लिहिलं की बाजूला कारण लिहावंच लागतं. समास कोरा होता.

"लिहिलं नाहीस," मी म्हटलं.

"लिहू नका म्हणाले." मैनेने कप टेबलावर ठेवला. "आणि मलाही लिहावंसं वाटलं नाही. घरी जाऊन विचार. दीडशे घरांत विचारत फिरतेस, तिथे एकदा विचार की."

नऊ वर्षं. नऊ वेळा मी त्या दवाखान्यातून दंड चोळत बाहेर आले होते आणि नऊ वेळा यांच्या तोंडाकडे टक लावून बघितलं होतं. त्यांच्या दंडाकडे एकदाही नाही. दुकानात घेत असतील, असं धरून चालले होते. खरं सांगायचं तर तेवढंही धरलं नव्हतं, तो विचारच आला नव्हता. आणि ती बाहेरच्या खोलीतली चार-पाच दिवसांची झोप? आतली कडी घालून मी पडलेली असायचे तेव्हा पलीकडून खोकला यायचा. तोही मी तिच्याच खात्यावर टाकला होता.

घरी आले तेव्हा हे आधीच आलेले होते. पायरीवर बसून माझ्या चपलेचा पट्टा शिवत होते. मी पिशवीतून कार्ड काढलं आणि समोर बसले. कचेरीचा नियम मोडायचा तर नीट मोडावा.

"स्वतःसाठी पाचशे द्याल?"

त्यांनी वर बघितलं. मैनेने सांगितलं असणार हे त्यांच्या लक्षात आलं. "नाही."

"तीनशे?"

"नाही गं."

"दीडशे? पन्नास? फुकट देतात, घ्याल?"

"नाही."

"का?"

त्यांनी सुई चपलेत तशीच खोचून ठेवली. मी कार्ड धरून बसले. या कामात एक गोष्ट शिकायला मिळते, समोरचा गप्प झाला की आपण बोलायचं नाही.

"तिने तीन म्हटलं होतं," ते शेवटी म्हणाले. "आपण तिघं घेऊ या, म्हणाली. तेव्हा मी नाही म्हटलं. मग आता मी कुठल्या तोंडाने घेऊ? तुमचं दोघींचं होतं, बास आहे. मला झालं तर होऊ दे. झालंच तर बरोबर होईल."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण आधी आला तो माझा नेहमीचा जळफळाट. मी उठून उभी राहिले आणि माझा आवाज गल्लीत गेला असणार.

"म्हणजे तेही तिलाच? पैसे तिच्या नावाने, रात्री तिच्या नावाने, आणि आता जीवही तिलाच देऊन टाकायचा? आणि मी काय करायचं? मी पण बाकावर आठ दिवस बसू? तिच्यासाठी मरायला तयार आहात, आणि माझ्यासाठी जगायचं म्हटलं तर फुकटसुद्धा जड जातं होय तुम्हाला?"

पलीकडच्या घराची खिडकी उघडली आणि बंद झाली. हे माझ्याकडे बघत होते. नऊ वर्षांत पहिल्यांदा मला शंका आली नाही की ते कुणाकडे बघताहेत. त्यांचं तोंड इतकं उतरलं होतं की माझा राग जागच्या जागी बसला, आणि त्याच्या जागी भीती आली. हा माणूस खरंच दर हिवाळ्यात फ्लूची वाट बघत होता, आणि मी आतून कडी घालत होते.

"तू असं कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही कधी काही बोललात?"

त्यांनी चपलेतली सुई काढली, दोरा तोडला आणि चप्पल माझ्या पायापाशी ठेवली. रात्री मी कडी घातली नाही एवढंच.

रविवारी पहाटे नंबर मी लावला. मुलगी शिकायला बाहेरगावी आहे, तिने तिथेच टोचून घेतली होती, म्हणून दोनच. पैसे मी माझ्या पगारातले ठेवले, दोघांचे. हे सवयीने पिशवीसाठी हात पुढे करून बाकाकडे वळले. मी पिशवी दिली नाही.

"आत चला."

"तू घे आधी. मी बघतो मग."

"मग नाही. आधी तुम्ही."

बाकावर सहा-सात माणसं होती, सगळी बघायला लागली. मला वाटलं, आता हे निघून जातील. गेले असते तर मी काय करणार होते? मागे धावले असते, त्या सगळ्यांसमोर. पण ते आत आले. नर्सने नेहमीसारखं माझ्याकडे बघून हसत कापूस भिजवला, स्टूल पुढे केलं, आणि स्टुलावर हे बसल्यावर तिचा हात थांबला. तिने एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं. नशीब काढलंत वगैरे काही म्हणाली नाही.

ते सदऱ्याच्या बटणाशी चाचपडत होते. भिंगं घासून बोटांची टोकं गुळगुळीत झालेला, कामात केसाइतकी चूक न करणारा माणूस. त्याला स्वतःच्या बाहीचं बटण सापडत नव्हतं. इतकी वर्षं याच दाराबाहेर बसलेला माझा नवरा मान वर करून नर्सला विचारत होता, "कुठला हात देतात?"

"कुठलाही चालतो," नर्स म्हणाली.

मी खाली वाकून त्यांच्या डाव्या बाहीचं बटण काढलं. सुई गेली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांआड त्या वेळी कोण होतं हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी बाही खाली केली, बटण लावलं, आणि त्यांना उठवून त्या स्टुलावर मी बसले.